पाहुण्याच्या तळहातावर दही

देवळाली कॅम्प,
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप लहानूकाका यांस सुवर्णाचा नमस्कार.

छायाताई फोनवर म्हणाली, "बाबांना काही ऐकू येत नाही, ओरडून ओरडून माझा घसा बसतो. तू आपली पत्रच लिही." मोबाइलवरची अक्षरं तुम्हाला मुंग्यांसारखी दिसतात म्हणे. म्हणून हे मोठ्या अक्षरात लिहितेय. नांदगावची थंडी कशी आहे? लेकीकडे राहून वजन वाढलं असेल तर कळवा.

आपल्या दारणा फुटबॉल क्लबला यंदा साठ वर्षं होतात. किशोर कॅप्टन आहे आणि चिटणीस मी. हसू नका. ज्या माणसाने सायकलच्या दुकानात बसून सगळ्या कॅम्पातल्या पोरांचे बूट शिवले आणि वर त्यांना खेळायला शिकवलं, त्याची पुतणी चिटणीस होणार नाही तर कोण होणार?

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी वर्धापनाची मॅच आहे, नेहमीसारखी सकाळची. त्या दिवशी आपल्या पाहुण्यांचे फोटो भिंतीवर लावायचं ठरवलंय. कोर्ससाठी कॅम्पात आलेले शिपाई, चार-सहा आठवडे आपल्याकडून खेळले आणि गेले, ते सगळे. गंमत बघा, दहा-दहा वर्षं खेळलेल्यांचं नाव कोणी काढत नाही, आणि तीन मॅच खेळून गेलेल्याच्या गोष्टी रंगूबाईच्या टपरीवर अजून चालतात. मला तर त्यातला इबोमचादादा तेवढा आठवतो. मी चौथीत होते, त्याने मला लिमलेटच्या गोळ्या दिल्या होत्या. त्याची बदली झाली तेव्हा मी जेवले नव्हते.

पाडव्याला क्लबच्या खोलीत सगळे फोटो ओळीने मांडले. काकू निघालेल्या पाहुण्याच्या तळहातावर दहीसाखर ठेवायची ना, परत यावा म्हणून? तिची ती जर्मनची वाटी मला कपाटात सापडली. मग मीही प्रत्येक फोटोपुढे चमचाभर दही ठेवलं, नाव घेऊन "परत या" म्हटलं. काकूला बरं वाटलं असतं.

स्वराज आता अठराचा झालाय आणि डाव्या कडेने वाऱ्यासारखा पळतो. जानेवारीत कोलकात्याला एका क्लबची निवड चाचणी आहे, त्याला बोलावणं आलंय. त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. माझ्या डोक्यात मात्र सारखं येतं, एकुलता एक पोरगा इतक्या लांब जाणार. पाठवणार तर आहेच.

सकाळचा सराव जोरात चालतो. दारणेवरून धुकं इतकं येतं की या गोलातून तो गोल दिसत नाही. मी डोकी मोजून चहा आणते आणि रोज एक ग्लास उरतो. रंगूबाई म्हणते, "पोरी, तुला मोजता येत नाय." एक नवा पाहुणाही येतो आता. बोलत नाही फारसा, पण पायात जादू आहे. किशोरने त्याला क्लबचा कुठला तरी जुना, कॉलरवाला शर्ट दिलाय, पूर्ण बाह्यांचा. स्वराज त्याच्यामागे दादा-दादा करत असतो.

तुम्ही आठवतील तेवढ्या पाहुण्यांच्या गोष्टी लिहून पाठवा. मॅचला वाचून दाखवेन.

तुमची,
सुवर्णा


नांदगाव,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सुवर्णे, तुला आणि स्वराजला आशीर्वाद.

वजन वाढलेलं नाही. छाया मला पथ्याचं घालते, त्यात वाढण्यासारखं काही नसतं.

पाहुण्यांचं म्हणशील तर लिहावं तेवढं थोडं. केरळचा कुट्टन अनवाणी खेळायचा. बूट घातले की त्याला चेंडू दिसेनासा व्हायचा असं तो म्हणे. भगूरच्या पोरांनी मुद्दाम मैदानात काटे टाकले, तर पठ्ठ्याने त्यातूनच गोल मारला आणि मग माझ्या दुकानात बसून एकेक काटा काढला. गुरखा गोलकीपर होता, त्याची उंची तुझ्या शिलाई मशीनएवढी. समोरचे हसायचे. हसत असतानाच तो त्यांच्या पायातून चेंडू उचलून न्यायचा. हे लोक राहिले किती? वाटाणा यायला लागला की यायचे आणि संपायच्या आत जायचे. पण थोडं राहिलेल्या माणसाचा कंटाळा येत नाही, चुका दिसत नाहीत. म्हणून त्यांची आठवण गोड.

आता इबोमचा. तुम्हा पोरांना आम्ही बदली झाली एवढंच सांगितलं होतं. ती झाली होतीच. वर्धापनाचीच मॅच चालू होती. त्याला मुंबईला हजर व्हायचं होतं आणि कल्याणपर्यंत कोबीच्या एका ट्रकची सोय झाली होती. ट्रक लवकर आला आणि फाटकाशी हॉर्न वाजवायला लागला. इबोमचा क्लबचा शर्ट अंगात तसाच पळत निघाला. तुझी काकू वाटी घेऊन त्याच्यामागे. त्याने हात पुढे केला तो डावा. तो डावराच होता, जेवायचा पण डाव्याने. काकू ओरडली, "अरे उजवा, उजवा हात!" तो हसला, डाव्यावरच दही घेऊन चाटलं आणि ट्रकवर चढला. दुपारी तो ट्रक कसाऱ्याच्या घाटात खाली गेला. त्यात कोणी वाचलं नाही.

म्हणून सांगतो, भिंतीवर त्याचा फोटो लाव, पण त्याच्यापुढे दही ठेवायला नको होतंस. तुला माहीत नव्हतं, तुझी चूक नाही.

सुवर्णे, एक विचारतो, थट्टा समजू नकोस. पूर्ण बाह्यांचे कॉलरवाले शर्ट आपण त्याच वर्षी शिवले होते. पुढे उरलेले सगळे मी दुकानात सायकली पुसायला वापरले, एकही शिल्लक नाही. किशोरने तो शर्ट आणला कुठून? तुझा तो पाहुणा चहा घेतो का? आणि कॉर्नर घेण्याआधी चेंडू कपाळाला लावतो का, ते बघ. उत्तर लवकर पाठव.

तुझा,
लहानूकाका


देवळाली कॅम्प,
८ डिसेंबर २०२४

ती. काका,

तुमचं पत्र वाचून आधी मला रागच आला. म्हटलं, म्हातारपणी भुताखेताच्या गोष्टी सांगून पुतणीला घाबरवताय. मग सकाळी मैदानावर गेले आणि नीट बघितलं.

तो चेंडू कपाळाला लावतो. चहा घेत नाही. उरणारा ग्लास त्याचाच असतो, कारण मी मोजताना त्याला धरते. दवात पोरांच्या बुटांना चिखल लागतो, त्याच्या बुटांना लागत नाही. किशोरला विचारलं, तर तो म्हणतो, "ताई, मी कुठं शर्ट दिला? मला वाटलं तूच दिला असंल. आन् तो तुझ्याच ओळखीचा हाय ना?" कॅम्पातून पाहुणा येणं आपल्याकडे इतकं नेहमीचं की प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कोणीतरी आणलाय. नाव एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

इबोमचादादाचा फोटो कपाटातून काढून बघितला. चेहरा तोच आहे, काका. एका दिवसानेही मोठा झालेला नाही.

पण मला त्याची भीती वाटत नाही. भीती वाटते ती स्वराजची. पोरगा आता डाव्या हाताने जेवतो. हाक मारली तर पहिल्यांदा ओ देत नाही. परवा कॉर्नर घेताना त्याने चेंडू कपाळाला लावला. आणि आता म्हणतो, वर्धापनाच्या मॅचमधूनच तो कोलकात्याला निघणार, दादाबरोबर. मी म्हटलं, "अरे, तुझं तिकीट जानेवारीतलं आहे, आणि गाडी नाशिकरोडवरून आहे. कल्याणला उलटं कशाला जायचं?" तर म्हणाला, "दादाच्या ओळखीचा ट्रक आहे आई. तो कल्याणपर्यंत सोडतो."

कोणता ट्रक, म्हणून विचारलं. कोबीचा म्हणाला.

मी त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तो हसला. "मेलेला माणूस असा क्रॉस मारतो का आई?" म्हणाला आणि बॅग भरायला लागला. मग दारातून वळून म्हणाला, "दादाने सांगितलंय, त्या दिवशी दही दोघांच्याही हातावर ठेव."

काका, त्याला कोंडून ठेवू का? चांदवडला मामाकडे पाठवू का? त्याच्यासमोर मी रडले, पायाही पडले, पण त्याला ते दिसतच नाही. छायाताईला फोनवर सांगायची सोय नाही, ती आपल्या दोघांनाही वेड्यात काढेल. माझं पोर त्या ट्रकमध्ये चढता कामा नये. काय करू ते लिहा.

सुवर्णा


नांदगाव,
१४ डिसेंबर २०२४

चि. सुवर्णा,

कोंडू नकोस, कुठे पाठवूही नकोस. रस्त्यात कुठेही ट्रक भेटेल. मैदानावर आपली माणसं तरी असतील.

इबोमचाला वाईट समजू नकोस. त्या पोराच्या मनात पाप नव्हतं आणि आताही नसेल. त्याला स्वराज आवडला असेल, आपल्यासारखाच डावीकडून पळतो, लांब निघालाय, एकट्याने जाऊ नये, एवढंच त्याला कळत असेल. तो स्वतः कुठे पोचलाय हेच त्याला माहीत नाही.

तुझं पत्र आल्यापासून मी विचार करतोय. खेळाडू मैदानातून दोनच तऱ्हांनी बाहेर येतो. शेवटची शिट्टी झाली की, नाहीतर बाकावरून बोलावणं आलं की. इबोमचा शिट्टीआधी गेला आणि मी त्याला बोलावलं नव्हतं. त्याच्या जागी झिपरू बूट बांधून तयार उभा होता, त्यालाही मी बसवलं. म्हटलं, या पोराची जागा आज कोणी घ्यायची नाही. शेवटपर्यंत दहाच जण खेळले. सगळ्या बाजाराने टाळ्या वाजवल्या, मलाही तो मोठा मान वाटला. संध्याकाळी घाटातली बातमी आली. त्याच्या लेखी ती मॅच अजून चालू आहे आणि त्याची जागा त्याचीच आहे. त्यात तू पाडव्याला दही ठेवून हाक मारलीस. गेलेल्या माणसाला आपण पान वाढतो, कावळा शिवला की मागे वळून न बघता घरी येतो. दही मागे बोलावतं. ते परत येणाऱ्याला द्यायचं असतं.

आता त्याला बाहेर बोलवायला पाहिजे आणि ते मीच केलं पाहिजे, कारण त्याला खेळायला मी उतरवलं होतं. पण नुसतं बोलावून भागणार नाही, ती जागा रिकामी राहिली की तो पुन्हा येईल. तिथे कोणीतरी उतरावं लागेल. झिपरूचे गुडघे गेलेत, आणि त्याच्या घरात नातवंडं लहान आहेत. स्वराज तर नाहीच. मी उतरेन.

लगेच आरडाओरडा करू नकोस. मला सगळं समजतं. माझं वय झालंय, कानांनी तर मी केव्हाच निवृत्त झालो, तुझी काकू जाऊन इतकी वर्षं झाली. छायाचा संसार मार्गी आहे. मला ही जागा आवडेल.

दोन गोष्टी पाळ. मी उतरेपर्यंत स्वराजला नजरेआड करू नकोस. आणि मी निघेन तेव्हा माझ्या हातावर दही ठेवू नकोस. तू हट्टी आहेस, लहानपणापासून, म्हणून पुन्हा लिहितो. ठेवू नकोस.

मॅचच्या आदल्या दिवशी, शनिवारच्या पॅसेंजरने देवळालीला उतरतो. छायाला सांगितलंय, सत्कार आहे.

लहानूकाका


देवळाली कॅम्प,
१९ डिसेंबर २०२४

ती. काका,

या. पण बाकावर बसून बोलवा. मैदानात उतरू नका. तुम्ही उतरणार असाल तर येऊच नका.

खोटं लिहिलं. या. लवकर या. तो काल झोपेत कोणाशी तरी बोलत होता आणि ती भाषा मला येत नाही.

सुवर्णा


देवळाली कॅम्प,
९ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

हे पत्र कुठे टाकायचं ते लिहून झाल्यावर बघेन. तुम्हाला उत्तर द्यायची सवय लागली होती. आणि काही गोष्टी तुमच्याशिवाय कोणाला सांगणार?

इथे सगळे त्या सकाळबद्दल वेगवेगळं सांगतात. किशोर म्हणतो, "आजोबा धुक्यात चालत गेले आन् डाव्या कडेला जाऊन बसले, बास." छायाताई तुमच्या दिवसकार्याला आली होती तेव्हा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "बाबांना मैदानावरच जायचं होतं गं." मी मान हलवली. मी जे पाहिलं ते हे.

हाफटाइम होऊन गेला होता. धुकं इतकं, की फाटकही दिसत नव्हतं. तेवढ्यात फाटकाकडून हॉर्न आला आणि सगळ्या मैदानावर कच्च्या कोबीचा वास पसरला. स्वराजच्या पायात चेंडू होता. त्याने तो तिथेच सोडला आणि चालायला लागला. शेजारी तो. दोघं माझ्याकडेच येत होते. माझ्या हातात काकूची वाटी होती. का घेतली होती, विचारू नका, सवयीने म्हणा. दोघांनीही माझ्यापुढे हात केला. दोघांनीही डावाच. माझा चमचा वाटीत होता आणि स्वराज माझ्याकडे बघत होता, काका, पण तो मला ओळखत नव्हता.

तेव्हा तुम्ही बाकावरून उठलात. तुमचा तो जुना अर्ध्या बाह्यांचा शर्ट, माळ्यावरून काढलेले बूट. दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवून तुम्ही बदलीची खूण केलीत आणि बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात म्हणालात, "इबोमचा! बाहेर ये बाळा. दमलास. बास झालं आता."

त्याने हात खाली घेतला. आपल्याला कोणीतरी बोलावलं याचं त्याला इतकं बरं वाटलेलं दिसलं की मलाच रडू फुटलं. तो तुमच्याकडे धावत आला. तुम्ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि त्याच्या टाळीवर टाळी दिलीत, आत येणारा बाहेर जाणाऱ्याला देतो तशी. मग तो फाटकाकडे गेला. एकटा.

तुम्ही मैदानात निघालात ते माझ्याजवळून. वाटी बघितलीत. तुमचा उजवा तळहात आपोआप उघडला. इतक्या वर्षांची सवय ती, काकू समोर उभी असल्यासारखा उघडला. मी चमचा उचलला. खरं सांगते, तुमचं पत्र मला पाठ होतं, तरी उचलला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मूठ मिटून घेतलीत. मग डाव्या कडेला चालत गेलात.

ट्रक सुरू झाला. त्या आवाजाकडे तुम्ही मान वळवलीत. तुम्हाला ऐकू आलं, काका. ढोल वाजले तरी न वळणारे तुम्ही, वळून ऐकत उभे राहिलात आणि हसलात. मग हळूच गवतावर बसलात.

स्वराज माझ्यापुढे उभा होता. त्याने विचारलं, "आई, मी कुठे निघालो होतो?" मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या आणि मग त्याला इतकं घट्ट धरलं की दही दोघांच्या अंगावर सांडलं.

सगळे तुमच्याकडे धावले. तुम्ही गेला होतात. किशोर उचलायला वाकला, तर झिपरूकाका काठी आपटत ओरडले, "थांबा! हात लावू नका. आधी शिट्टी मारा." पंच बावरला. झिपरूकाका म्हणाले, "मॅच संपू द्या त्याची. मग न्या." पंचाने लांब शिट्टी मारली आणि मगच पोरांनी तुम्हाला उचललं. त्यामुळे तुमची मॅच संपली आहे. मला तेवढं समाधान आहे.

इबोमचादादाचं पान आम्ही तुमच्याबरोबरच वाढलं. दोन्ही पानांना कावळा लगेच शिवला. येताना मी मागे वळून बघितलं नाही.

स्वराज जानेवारीत नाशिकरोडवरून रेल्वेने कोलकात्याला गेला. निघताना त्याने हात पुढे केला तेव्हा मी आधी तो डावा की उजवा ते बघितलं. उजवाच होता. मी एक चमचा ठेवायचा तिथे तीन ठेवले. "पुरे गं, शर्टवर पडेल," म्हणाला. क्लबने त्याला ठेवून घेतलंय. परवा फोन आला, डाळ गोड असते म्हणून कुरकुरत होता. होळीला येणार आहे.

सराव पुन्हा सुरू झालाय. धुकं अजून पडतं. मी डोकी मोजून चहा आणते आणि आता ग्लास उरत नाही. रंगूबाई म्हणते, "आली बाई मोजायला तुला." रोज सकाळी शेवटचा ग्लास उचलला गेला की मला हायसं वाटतं. मग मी डाव्या कडेला बघते. तिथे कोणी नसतं, आणि काका, मला रडू येतं, की दह्याचं तुमचं ऐकलं कशाला.

तुमची,
सुवर्णा